मधुमेह आणि यकृताची मूक व्याधी



मधुमेही व्यक्तीस डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पावले यांची काळजी घ्यावयास सांगितले जाते. यकृताचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. यकृताचा विकार म्हणजे मद्यपानाचे फळ, हा समज समाजात दृढ आहे. त्यामुळे दारूला कधीही न शिवलेल्या माणसाचे यकृत बिघडले, तर निदान लांबते आणि वर लोकांचा संशयही सोसावा लागतो.

प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. जेवणानंतर रक्तात आलेली जादा साखर ते साठवते आणि उपाशीपोटी गरजेपुरती बाहेर सोडते. या कोठारावर इन्सुलिनचा ताबा असतो. मधुमेहाच्या नेहमी आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. मग रक्तात साखर पुष्कळ असूनही यकृत आणखी साखर सोडत राहते. रात्री बेताने जेवूनही सकाळी साखर वाढलेली आढळते, याचे एक कारण हेच होय.

त्याच सुमारास यकृताच्या पेशींत चरबी साचू लागते. या प्रकारच्या मधुमेहींपैकी निम्म्याहून अधिक लोकांत ती आढळते. काहींच्या यकृतास पुढे सूज येते, व्रण पडतात आणि अखेर ते कठीण होऊन निकामी होऊ लागते. पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी होणे, कर्करोग उद्भवणे हे त्यापुढचे धोके होत. हा प्रवास वर्षानुवर्षे चालतो. परंतु बहुधा दुखत मात्र काहीच नाही.

म्हणूनच दुखण्याची वाट न पाहता तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. २०२१ साली भारत सरकारने असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकाराचा समावेश केला. आशा कार्यकर्ती तिशीवरील व्यक्तींची माहिती भरून घेते, तेव्हा कमरेचा घेरही मोजते. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरांहून अधिक घेर ही धोक्याची सूचना समजावी. यकृताची एखादी रक्तचाचणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत राहू नये. वय, यकृताच्या चाचण्या आणि प्लेटलेटची संख्या यांचा एकत्र विचार करून डॉक्टर व्रणांचा अंदाज घेतात.

आरंभीच्या अवस्थेतील हानी बरीचशी भरून येऊ शकते, ही मोठ्या दिलाशाची गोष्ट आहे. स्थूल व्यक्तीने वजन शेकडा ५ ने उतरविले तरी यकृतातील चरबी घटते. शेकडा ७ ते १० ने उतरविल्यास सूजही ओसरू लागते. म्हणजे ८० किलोच्या माणसाने आरंभी ४ किलोंचे उद्दिष्ट ठेवावे. त्यासाठी रोजचे चालणे, गोड व तळलेल्या पदार्थांवर नियंत्रण आणि नियमित औषधे हवीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मनानेच कडक उपवास धरू नयेत. यकृत शुद्ध करण्याच्या नावाने विकले जाणारे काढेही डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत.

ग्रामसभेच्या दिवशी पंचायतीने वजनकाटा आणि मोजपट्टी ठेवावी, शिक्षकांनी पालकसभेत हा विषय मांडावा. एवढ्यानेही अनेकांची तपासणी वेळीच होईल.