ल्युद्मिलाच्या हातातली रायफल नेमकी कोणती?

इयरफोन लावलेत ना? आजचा भाग थोडा वेगळा आहे. आज आपण एक सिनेमा बघणार आहोत, पण त्यातल्या माणसांकडे कमी आणि माणसांच्या हातात काय आहे त्याकडे जास्त लक्ष देऊन. सिनेमाचं नाव ‘बॅटल फॉर सेवास्तोपोल’. २०१५ साली आला. दिग्दर्शक सर्गेई मोक्रित्स्की, आणि मुख्य भूमिकेत यूलिया पेरेसिल्द. नाव ओळखीचं वाटतंय? ऑक्टोबर २०२१ मध्ये एका सिनेमाच्या शूटिंगसाठी जी अभिनेत्री खरोखरच्या अंतराळ स्थानकात जाऊन आली, तीच ही.

सिनेमा आहे ल्युद्मिला पावलिचेन्कोवर. थोडक्यात सांगतो. जन्म १९१६ चा, आजच्या युक्रेनमधल्या बिला त्सेर्क्वा गावातला. कीवच्या कारखान्यात काम केलं, मग तिथल्याच विद्यापीठात इतिहास शिकायला लागली. सोबत क्लबमध्ये नेमबाजी. जून १९४१ मध्ये जर्मनीनं सोव्हिएत युनियनवर हल्ला केला, तेव्हा ही भरती व्हायला गेली. तिथे तिला सांगितलं गेलं की बाई, तुम्ही नर्स व्हा. ती काही नर्स झाली नाही. आधी ओडेसाला आणि मग सेवास्तोपोलला स्नायपर म्हणून लढली. सोव्हिएत नोंदीत तिच्या नावावर ३०९ आहेत, आणि त्यातले ३६ शत्रूचे स्नायपर. हा आकडा बाहेरून कोणी तपासलेला नाही, आणि काही इतिहासकार त्यावर शंकाही घेतात. ते ध्यानात ठेवूनच पुढे जाऊ. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. ३०९ हा काही क्रिकेटचा स्कोअर नाहीये. हा भाग बंदुकांवर आहे, पण ‘काय भारी गन आहे’ असं म्हणायला आपण बसलेलो नाही.

आता मुद्दा. पावलिचेन्कोचं नाव गुगलवर टाका. जो फोटो सगळ्यात आधी समोर येतो, त्यात ती खंदकात, हिरवळीच्या आडोशानं रायफल रोखून बसलेली दिसते. ती रायफल आहे एसव्हीटी-४०, म्हणजे तोकारेव यांनी बनवलेली सेमी-ऑटोमॅटिक. दिसायला देखणी. पुढे नळीच्या टोकाला खाचा असलेला मझल ब्रेक, खाली दहा गोळ्यांचं मॅगझिन, वर आखूडशी दुर्बीण. पण तिच्या आठवणींचं पुस्तक वाचलंत तर (इंग्रजीत ते २०१८ साली ‘लेडी डेथ’ नावानं आलं) ती ज्या रायफलीबद्दल मनापासून बोलते, ती वेगळीच आहे. ती आहे जुनी, लांबलचक, लाकडी मोसिन. सिनेमात या दोन्ही जातीच्या रायफली आहेत. आणि माझं म्हणणं असं की या दोन रायफलींमधला फरक एकदा डोळ्यांत बसला, की हा सिनेमाच काय, तो प्रसिद्ध फोटोसुद्धा तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल.

मोसिन म्हणजे काय ते आधी बघू. मूळ डिझाइन १८९१ चं, झारच्या काळातलं. १९३० मध्ये सुधारणा झाली, म्हणून नाव १८९१/३०. लांबी सव्वा मीटरच्या आसपास, वजन चार किलो. रशियन लोक तिला ‘त्र्योखलिनेयका’ म्हणायचे, म्हणजे ‘तीन रेघांची’. एक रेघ म्हणजे इंचाचा दहावा भाग. तीन रेघा म्हणजे ०.३ इंच, आपल्या मापात ७.६२ मिलिमीटर. आपल्याकडे पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं जी ‘थ्री नॉट थ्री’ दिसायची ना, तिचं नावही असंच पडलंय, ०.३०३ इंचावरून. त्या दोघी एकाच पिढीतल्या, आणि दोघीही बोल्ट-ॲक्शन.

बोल्ट-ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. मग पुढची गोळी. एनसीसीत कोणी पॉइंट टू टू चालवली असेल तर ही हालचाल हाताला माहीत असेल. साध्या मोसिनचा बोल्टचा दांडा सरळ आडवा बाहेर आलेला असतो. पण वर दुर्बीण बसवली की तो उचलताना दुर्बिणीला आपटतो. म्हणून स्नायपर मोसिनचा दांडा लांब करून खाली वाकवलेला असतो. युद्धपट बघताना ही सगळ्यात सोपी खूण. दुर्बीण आहे आणि दांडा मात्र सरळ आहे, तर समजा प्रॉपवाल्यानं घाई केलीये.

दुसरी अडचण भरण्याची. साध्या मोसिनमध्ये पाच काडतुसांची पट्टी वरून लावायची आणि अंगठ्यानं एका दमात खाली दाबायची. पण दुर्बीण नेमकी त्याच जागेवर बसलेली. म्हणजे स्नायपरनं एकेक काडतूस हातानं आत सरकवायचं. थंडीत बोटं गारठलेली असताना, पडून राहून, शक्य तितकं कमी हलून. सिनेमात हे फार कमी वेळा दाखवतात, कारण बघायला कंटाळवाणं वाटतं. पण स्नायपरचं खरं काम म्हणजे हेच आहे हो. पहाट व्हायच्या आधी जागेवर जायचं, तासन्‌तास पडून राहायचं, आणि एक गोळी झाडायची.

मग तुम्ही म्हणाल, एसव्हीटी बरी नाही का? दहा गोळ्या, बोल्ट ओढायची कटकट नाही. कागदावर बरीच की! पण सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोळीमागचा थोडा वायू वळवून त्याच्या जोरावर पुढचं काडतूस भरलं जातं. म्हणजे प्रत्येक गोळीला आतले भाग जोरात मागेपुढे होतात आणि पुंगळी आपोआप उडून बाहेर पडते. उन्हात उडालेली पितळी पुंगळी समोरच्याला दिसू शकते. बोल्टवाल्या रायफलीत पुंगळी कधी काढायची हे तुम्ही ठरवता, वाटलं तर दहा मिनिटांनी काढा. शिवाय एसव्हीटीची यंत्रणा धूळ-चिखल फारसा सहन करत नसे, आणि लांबच्या पल्ल्यावर नेमही मोसिनइतका भरवशाचा नव्हता. १९४२ मध्ये सोव्हिएत लष्करानं एसव्हीटीची स्नायपर आवृत्ती बनवणं थांबवलं आणि पुन्हा मोसिनकडे वळलं. रायफल टाकाऊ मात्र अजिबात नव्हती. जर्मनांनी हाती लागलेल्या एसव्हीटी वापरल्या, आणि त्यांच्या गेवेअर ४३ रायफलीची वायूची यंत्रणा हिच्यावरूनच घेतलेली आहे. पायदळासाठी छान, पण एका गोळीत काम संपवायचं असेल तर जुनी म्हातारीच बरी.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, दुर्बीण. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

१९४१ च्या उन्हाळ्यात स्नायपर मोसिनवर जी दुर्बीण असायची तिचं नाव पीई, आणि तिचीच सुधारलेली बहीण पीईएम. लांब, जड, साधारण चार पट मोठं दाखवणारी. मूळ कल्पना जर्मन दुर्बिणींवरून घेतलेली. युद्ध ज्यांच्याशी झालं त्यांच्याचकडून शिकलेली विद्या. दुसरी दुर्बीण पीयू. ही १९४० मध्ये एसव्हीटीसाठी बनवली. आखूड, हलकी, ३.५ पट. मोसिनवर ही पीयू बसवायला सुरुवात झाली १९४२ मध्ये. पुढे युद्धभर हीच जोडी प्रचंड संख्येनं बनली, त्यामुळे आज सोव्हिएत स्नायपर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोसिन आणि पीयूच येतात. गेममध्येही तेच.

आणि ओडेसाचा वेढा कधी होता? ऑगस्ट ते ऑक्टोबर १९४१. लागली लिंक? म्हणजे ओडेसाच्या लढाईत कोणाच्या मोसिनवर आखूड पीयू दिसली, तर ती काळाच्या पुढे आलेली आहे. तुम्हाला गृहपाठ देतो. ओडेसाचे सीन आले की पॉज करा, झूम करा. दुर्बीण हाताच्या पंजाएवढी दिसली तर पीयू. चांगली वीतभर किंवा त्याहून लांब असेल तर पीई. कमेंटमध्ये सांगा काय दिसलं.

३.५ पट म्हणजे किती, तेही समजून घ्या. समजा, अशा दुर्बिणीतून तुम्ही साडेतीनशे मीटरवरचा माणूस बघताय. साध्या डोळ्यांना शंभर मीटरवरचा माणूस जेवढा दिसतो, तेवढाच तो दिसेल. बस, इतकंच. चेहरा ओळखू येईल, डोळ्यांतलं पाणी दिसेल वगैरे काही नाही. सिनेमात दुर्बिणीतून शत्रूच्या गालावरचा घाम दिसतो तो कॅमेरामनचा, दुर्बिणीचा नाही.

आणि दुर्बिणीत दिसतं काय? आपल्या डोक्यात अधिकचं चिन्ह बसलंय, दोन बारीक रेघा एकमेकींना छेदणाऱ्या. पीई आणि पीयू दोन्हींत तसं नव्हतं. खालून वर येणारा एक टोकदार खांब, आणि दोन्ही बाजूंना दोन आडव्या जाड दांड्या, मध्ये मोकळी जागा. खांबाचं टोक जिथे, तिथे नेम. हाही पॉज करून बघण्यासारखा शॉट.

अजून एक बारीकशी गंमत. नट बरेचदा डोळा दुर्बिणीच्या काचेला चिकटवून बसतात. खरं तर डोळा सात-आठ सेंटिमीटर मागे ठेवावा लागतो, नाहीतर चित्र पूर्ण दिसत नाही. आणि गोळी सुटताना मोसिन खांद्याला जो दणका देते, त्यात भुवई फुटली म्हणून समजा. शूटिंगमध्ये कोरी काडतुसं असतात, पुढे गोळीच जात नाही, म्हणून मागे खरा धक्काही येत नाही. नटाला तो अंगानं करून दाखवावा लागतो. पुढच्या वेळी कुठलाही युद्धपट बघताना नळीकडे नको, खांद्याकडे बघा.

समोरच्या बाजूच्या हत्यारांवर पटकन एक नजर. युद्धपटांत प्रत्येक जर्मन शिपायाच्या हातात एमपी-४० सबमशीनगन असते. प्रत्यक्षात बहुतेकांकडे बोल्टवालीच कार-९८ के रायफल होती. आणि ओडेसाला वेढा घालणारं सैन्य मुख्यतः रोमानियन होतं, जर्मन नव्हे. त्यांच्याकडे चेकोस्लोव्हाकियात बनलेल्या व्हीझेड-२४ रायफली. सोव्हिएत बाजूला गोल डब्याचं मॅगझिन असलेली पीपीएसएच दिसली, तर तिचंही मोठं उत्पादन १९४१ च्या शरदात कुठे सुरू होत होतं. ओडेसाच्या खंदकात ती हातोहाती असणं अवघड आहे.

सेवास्तोपोलचं गणित मात्र वेगळं. ऑक्टोबर १९४१ अखेरपासून जुलै १९४२ च्या सुरुवातीपर्यंत, आठ महिने वेढा. जूनमध्ये जर्मनांनी तिथे ‘डोरा’ आणली, ८०० मिलिमीटरची, रेल्वेरुळांवरून चालणारी तोफ. काँक्रीट फोडणारा तिचा एक गोळा सात टनांचा. पावलिचेन्कोच्या रायफलीतली गोळी दहा-बारा ग्रॅमची. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लक्षात येतं, स्नायपरनं वेढा फोडणं वगैरे कधी शक्यच नव्हतं. एखादा अधिकारी, एखादा निरीक्षक, एखादा मशीनगनवाला, आणि समोरच्या खंदकात कायमची धास्ती, एवढंच तिच्या हातात होतं. आणि तिला बाहेर काढलं तेही तोफेनंच. जून १९४२ मध्ये उखळी तोफेच्या गोळ्यात ती जखमी झाली आणि पाणबुडीतून तिला हलवलं. शहर जुलैत पडलं. तिच्या डिव्हिजनमधले बहुतेक लोक तिथून परतले नाहीत.

आणि इथून ती स्वतःच फोटोतली रायफल झाली, असं मला वाटतं. १९४२ च्या उत्तरार्धात तिला अमेरिकेला पाठवलं. काम काय, तर युरोपात दुसरी आघाडी उघडा म्हणून लोकांची मनं वळवायची. व्हाइट हाउसमध्ये रूझवेल्ट दांपत्याची पाहुणी. आणि पत्रकार विचारतायत काय? आघाडीवर मेकअप करता का, तुमचा युनिफॉर्म जरा लांब नाही का, त्यात जाड दिसता. ज्या बाईनं वर्षभर जमिनीला छाती लावून काढलंय, तिला हे प्रश्न! शिकागोत मग तिनं जमलेल्या पुरुषांना सुनावलं की मी पंचवीस वर्षांची आहे, इतकी माणसं मारून आलेय, आणि तुम्ही बराच काळ माझ्या पाठीमागे लपून बसला आहात. सिनेमात हा प्रसंग आहे. माझ्या मते अख्ख्या सिनेमातली सगळ्यात नेम धरून केलेली गोष्ट तीच, आणि तिच्या हातात तेव्हा काहीच नाही.

या सिनेमाचीही एक कहाणी आहे. तो रशिया आणि युक्रेननं मिळून काढला. काम चालू असतानाच, मार्च २०१४ मध्ये, रशियानं क्रिमिया ताब्यात घेतला, म्हणजे सेवास्तोपोलसकट. एप्रिल २०१५ मध्ये सिनेमा लागला तो दोन नावांनी. रशियात ‘सेवास्तोपोलची लढाई’, युक्रेनमध्ये ‘नेझलामना’, म्हणजे न मोडलेली, न वाकलेली. रशियन नावात शहर, युक्रेनियन नावात बाई.

आणि हो, शेवटची बंदूक राहिलीच. अमेरिकेत तिला कोल्ट पिस्तूल भेट मिळालं, आणि कॅनडात दुर्बीण लावलेली विंचेस्टर रायफल. ती विंचेस्टर आज मॉस्कोच्या लष्करी संग्रहालयात काचेआड आहे. ती हातात आली तोवर तिचं आघाडीवरचं काम संपलं होतं. पुढे तिनं इतरांना नेमबाजी शिकवली, १९४३ मध्ये ‘सोव्हिएत संघाची वीर’ हा किताब मिळाला, टपाल तिकिटावर चेहरा आला, आणि युद्धानंतर तिनं विद्यापीठातलं राहिलेलं इतिहासाचं शिक्षण पूर्ण केलं. १९७४ मध्ये ती गेली, अठ्ठावन्न वर्षांची असताना.

दुर्बिणीचं कमेंटमध्ये लिहायला विसरू नका, मिनिट आणि सेकंदासकट. भेटू पुढच्या भागात!