जुना लष्करी माल आणि नवा बाजार



आज ज्या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत, तो घरगृहस्थी करणाऱ्या मंडळींना प्रथमदर्शनीं परका वाटेल. लष्कराचा जुना माल, रिकामीं काडतुसें, बंदुकीचे सुटे भाग यांच्या फेरविक्रीच्या नियमांशीं अमरावतीच्या वकिलाचा किंवा अकोल्याच्या कापूस-व्यापाऱ्याचा संबंध काय, असें कोणीहि विचारील. परंतु ज्या घरांत मोबाईल आहे, त्या घरांत आज एक दुकानहि आहे. त्याला फळी नाहीं, पाटी नाहीं, गल्ला नाहीं. एक छायाचित्र घालून खालीं किंमत लिहिली कीं तें दुकान उघडतें. तें बहुधा घरांतील तरुण मुलगाच उघडतो, आणि वडिलांस त्याची वार्ताहि नसते.

लष्कराचा जुना माल विकण्यांत मुळांत गैर कांहीं नाहीं. १९४५ सालीं दुसरें महायुद्ध संपल्यावर उरलेले तंबू, घोंगड्या, बूट, जीपगाड्या सरकारनें विकून टाकल्या, आणि त्यांवर अनेकांचे धंदे उभे राहिले. आजहि सैन्यानें निकामी ठरविलेला माल लिलावानें बाहेर पडतो. १९६४ सालीं स्थापन झालेली एम. एस. टी. सी. ही सरकारी कंपनी असे लिलाव आतां ऑनलाइन करते. थंडीच्या दिवसांत हरभऱ्याच्या राखणीस जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्याच्या अंगावर जाड लष्करी कांबळें असलें, तर त्यानें थंडीचें निवारण होतें. कायदा मोडत नाहीं.

मग नियम कोठें सुरू होतो? समजण्याच्या सोयीसाठीं या मालाच्या तीन राशी करूं.

पहिली रास कापडाची व भांड्यांची. ती घ्यावी, वापरावी, पुन्हा विकावी. मात्र घेतांना मूळ लिलावाची पावती विचारावी. कारण माल चोरीचा आहे असें मानण्यास जागा असतां तो घेणारा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमांत सांपडतो. गणवेशाची गोष्ट आणखी निराळी. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनीं जो नवा लढाऊ गणवेश प्रथम दिसला, त्याचा नमुना सैन्यानें आपल्या नांवें नोंदवून घेतला आहे. तो खुल्या बाजारांत विकावयाचा नाहीं. आणि आपण सैनिक आहों असें लोकांस वाटावें या हेतूनें तसा पोशाख घालणाऱ्यास त्याच संहितेचें १६८ वें कलम तीन महिन्यांपर्यंतची कैद सांगतें.

दुसरी रास बिनतारी यंत्रांची. मे २०२५ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें वॉकी-टॉकीच्या विक्रीवरून १३ ऑनलाइन बाजारांना नोटिसा धाडल्या, आणि त्याच वर्षीं या विक्रीसाठीं मार्गदर्शक नियम काढले. परवाना लागतो किंवा नाहीं हें ग्राहकास न सांगतांच हीं यंत्रें विकलीं जातात, हा त्यांतील मुख्य आक्षेप होता.

तिसरी रास शस्त्रांची व दारूगोळ्याची. आणि खरा धोका येथेंच आहे. दारूगोळा म्हणजे भरलेलें काडतूस, असा सामान्य समज. परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या दुसऱ्या कलमांत जी व्याख्या दिली आहे, तींत दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करण्याचीं यंत्रेंहि येतात. काडतुसाच्या बुडाशीं ठिणगी पाडणारी लहानशी टोपी हा असाच एक भाग. परदेशांतून असा माल टपालानें मागविणें म्हणजे कायद्याच्या भाषेंत आयात. दहाव्या कलमाप्रमाणें तिला परवाना लागतो.

माझा जन्म मुलांस व्याकरण शिकविण्यांत गेला असल्यामुळें कायदा वाचतांना क्रियापदांकडे लक्ष जातें. पांचव्या कलमांत परवान्यावांचून दारूगोळा विकण्याची मनाई आहेच. पण विक्रीसाठीं मांडणें आणि विकण्याची तयारी दाखविणें यांचीहि मनाई आहे. म्हणजे गिऱ्हाईक आलें नाहीं, एक पैसाहि हातीं पडला नाहीं, तरी जाहिरात दिली त्या क्षणींच अपराध घडूं शकतो. त्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनें कमीत कमी सात वर्षांची कैद, आणि अधिकांत अधिक जन्मठेप इतकी वाढविली आहे.

यास एक सवलत आहे. पंचेचाळिसावें कलम म्हणतें कीं, ज्यांचा जोडभागांसह उपयोग करण्याचा हेतु नाहीं, असे किरकोळ भाग मिळविणें, बाळगणें व वाहून नेणें यांस हा कायदा लागू नाहीं. दिवाणखान्यांतील पितळी नळकांड्याची फुलदाणी या आश्रयानें सुखानें नांदूं शकेल. परंतु येथेंहि क्रियापदें मोजावीं. मिळविणें, बाळगणें, वाहून नेणें अशीं तीन आहेत. विकणें हें चौथें तेथें नाहीं. तेव्हां घरांत ठेवण्याच्या मुभेला विकण्याची मुभा समजूं नये.

कोणी म्हणेल, पावशेर पितळेपायीं एवढा कठोर कायदा कशाला? याचें उत्तर आपल्या शेजारींच आहे. वऱ्हाडच्या पश्चिमेस वरणगांवला काडतुसांचा कारखाना आहे, आणि पूर्वेस वर्धा नदी ओलांडतांच पुलगांवचें मध्यवर्ती दारूगोळा भांडार लागतें. ३१ मे २०१६ रोजीं या भांडारांत आग लागली. तींत दोन लष्करी अधिकारी आणि अनेक अग्निशामक जवान प्राणांस मुकले. पुढें २० नोव्हेंबर २०१८ रोजीं भांडाराच्या जवळच, सोनेगांव आबाजी गांवाच्या बाजूस, जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठीं उतरविला जात असतां स्फोट झाला आणि सहा माणसें गेलीं. त्यांत पोटासाठीं हमालीस आलेले आसपासचे मजूर होते. जेथें जाणते लोक हजर असतात, तेथें जर हें घडतें, तर गोदामांत किंवा गादीखालीं ठेवलेली वस्तु रिकामी आहे कीं भरलेली, हें छायाचित्र पाहून कोणी सांगावें? जुना झाला म्हणून दारूगोळा निरुपद्रवी होत नाहीं.

कित्येक घरांत आजोबांची परवान्याची बंदूक व कांहीं काडतुसें असतात. परवानेदार वारल्यावर वारसानें तीं कपाटांत ठेवूं नयेत, मग विकणें तर दूरच. एकविसावें कलम सांगतें कीं, बाळगण्याचा हक्क संपतांच तीं जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावींत. स्वतःच्या परवान्यावरची बंदूक विकावयाची असेल, तर घेणारा हक्कदार असावा, जिल्हाधिकाऱ्यास किंवा पोलीस ठाण्यास आधीं लेखी कळवावें, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस जाऊं द्यावे.

आपल्या मुलखांत आणखी एक प्रकार संभवतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अकोला जिल्ह्यांतील अडगांवास आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर मराठ्यांची इंग्रजांशीं लढाई झाली. अशा रणभूमीवर नांगराच्या फाळास गंजलेला गोळा लागला, तर तो भंगारवाल्याचाहि नव्हे आणि हौशी संग्राहकाचाहि नव्हे. शंभर वर्षांवरील अशा वस्तूस १९७२ चा पुरावस्तु कायदा लागू होऊं शकतो. त्याप्रमाणें पुरावस्तूंच्या विक्रीचा धंदा परवान्यावांचून करतां येत नाहीं, आणि खाजगी माणसास ती परदेशीं धाडतां येत नाहीं. गोळा नवा असो वा जुना, त्यास हात न लावतां ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावें. तो पोकळ कीं भरींव, याचा निकाल त्यांतील जाणत्यांनीं करावा.

तात्पर्य एवढेंच. पूर्वीं दुकानदार वेगळा आणि आपण वेगळे होतों. माल पारखण्याची, परवाना राखण्याची, वही दाखविण्याची जबाबदारी त्याची होती. आतां दुकान आपल्या हातीं आलें, तशी ती जबाबदारीहि आलेली आहे. तेव्हां आज जेवणाच्या पाटावर मुलांना सहज विचारावें, "बाबांनो, तुम्ही काय विकतां, काय विकत घेतां?" कांबळें विकत असतील तर उत्तम. काडतुसाचा एखादा तुकडा असेल, तर ती जाहिरात रात्रीं निजण्यापूर्वीं काढून टाकावी, वस्तूस हात लावूं नये, आणि सकाळीं वकिलाचा सल्ला घेऊन पोलीस ठाणें गांठावें. पावशेर पितळेच्या मोबदल्यांत पोराच्या आयुष्याचीं सात वर्षें कोणीहि शहाणा बाप देणार नाहीं.