सुट्टीत लेकीकडे, सीमेपलीकडे

बेळगावच्या खासबागेतल्या कितीतरी घरांच्या लेकी कोल्हापूर, गडहिंग्लजकडे दिलेल्या. दिवाळी आली की आजी-आजोबांना तिकडचे वेध लागतात आणि तिकिटाचा हिशेब सुरू होतो.

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. म्हणजे आजी निपाणीपर्यंत फुकट जातात. थेट कोल्हापूरच्या आंतरराज्य बसला मात्र ही सवलत नाही. साठी उलटलेल्या आजोबांना तिकिटात २५ टक्के सूट मिळते.

तिकडून येणाऱ्या पंचाहत्तरीपुढच्या व्याह्यांना महाराष्ट्राची एसटी ऑगस्ट २०२२ पासून मोफत, पण राज्याच्या हद्दीपुरतीच. कागल ओलांडलं की पैसे मोजावे लागतात. सोयरीक दोन्हीकडची असताना हे खटकतंच!

निघताना आधार कार्ड आठवणीनं पिशवीत ठेवावं. वाहक ते पाहूनच सवलतीचं तिकीट देतात.