तोंड सारखं, काम वेगळं

गटाच्या बैठकीत आपण व्याजाचा हिशेब, शेळ्यांची लस, पापडाचं पॅकिंग असं पुष्कळ बोलतो. आज मोबाइलच्या वायरीवर बोलायचंय. यात बोलण्यासारखं काय, असं काहीजणींच्या मनात येईल. पण आमच्या प्रभागसंघात या वर्षात जी कामं अडली, त्यातली बरीच या हातभर वायरीपायी अडली, म्हणून हा विषय घेतलाय.

बँक सखीचंच घ्या. एका वाडीवर श्रावणबाळचे पैसे काढायला म्हाताऱ्या बायका सकाळपासून येऊन बसल्या होत्या. सखीने अंगठ्याचं मशीन फोनला जोडलं, मशीनचा दिवाही लागला, पण फोन काही मशीनला ओळखेना. दुपारपर्यंत खटपट झाली आणि बायका रिकाम्या हाती परत गेल्या. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, मशीन गेलं, नवीन घ्या. म्हणजे काही हजारांना फोडणी. आम्ही शेजारच्या गावच्या सखीकडून तिचा ओटीजी मागवला आणि लावला, तर मशीन पहिल्या फटक्यात चालू. ओटीजी म्हणजे मशीनची मोठी चपटी पिन आणि फोन यांच्यामध्ये लावायचा तो छोटा तुकडा. आधीच्या तुकड्यातून करंट जात होता, पण अंगठ्याची माहिती पुढे जात नव्हती.

हे कसं होतं ते समजून घेऊ. साधी चार्जिंगची केबल सोलली तर आत चार बारीक तारा निघतात. लाल आणि काळी तार करंट नेते. हिरवी आणि पांढरी माहिती नेते, म्हणजे फोटो, पावत्या, अंगठ्याचा ठसा. रंग कधी वेगळे असतात, पण कामाची वाटणी हीच. आता टॉर्च, कानातले हेडफोन, केस कापायचं मशीन यांच्याबरोबर जी केबल फुकट येते, तिच्यात बऱ्याचदा पहिल्या दोनच तारा असतात. कंपनीचे पैसे वाचतात आणि टॉर्चला माहिती पाठवायची नसतेच. बाहेरून बघाल तर तोंड तेच, पिन तीच. घरात सगळ्या केबल एकाच पिशवीत जातात, आणि कर्जाची फाइल कॉम्प्युटरवर टाकायच्या दिवशी नेमकी टॉर्चची केबल हाती येते. फोन चार्ज होतो, फाइल काही दिसत नाही. मग आपण फोनला नावं ठेवतो.

दुकानात तर सगळ्यांनाच डेटा केबल म्हणतात. तिच्यातून डेटा जातो का, हे तपासून कुणी देत नाही. म्हणून ते आपणच तपासायचं. दुकानात कॉम्प्युटर असेल तर पैसे देण्याआधी केबल त्याला आणि आपल्या फोनला लावायला सांगा. फोनचं कुलूप उघडा, वरची पट्टी खाली ओढा. तिथे यूएसबीची सूचना दिसली पाहिजे. तिच्यावर बोट ठेवून फाइल ट्रान्सफर निवडा. हे निवडायचं राहून जातं, आणि मग चांगली केबलही खराब ठरते. कॉम्प्युटरवर फोनचं नाव आलं, आतले फोटो उघडले, की केबल घ्या. सूचनाच आली नाही तर दुसरी मागा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या. आपण साडी घेताना पदर उलगडून बघतोच की.

ओटीजीची एक गोष्ट सखींसाठी सांगून ठेवतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ काही जोडलं नाही तर ते आपोआप बंद होतं. मशीन सकाळी चाललं आणि जेवणानंतर चालेना, तर आधी तिथे बघा.

आता चार्जिंग. ‘फोन रात्रभर लावला तरी भरत नाही’ ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. इथे शेतातली पाइप डोळ्यांपुढे आणा. विहिरीवर मोटर तीच असली, तरी पाइप बारीक आणि लांब टाकली तर शेवटच्या वाफ्यात पाणी करंगळीएवढं येतं. केबलचंही तसंच. आतली तार बारीक आणि केबल तीन मीटर लांब असली, की चार्जरमधून निघालेले ५ व्होल्ट फोनपर्यंत पोचता पोचता कमी होतात. खाटेवर पडून बोलता यावं म्हणून लांब केबल घेतात, ती हौस आम्हाला कळते, पण रोजच्या चार्जिंगला एक मीटर पुरे.

चार्जरवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे दोन्हींचा गुणाकार, १० वॅट. जुने चार्जर १ अँपिअरचे, म्हणजे ५ वॅटचे. नव्या फोनबरोबर ३३ किंवा ६७ वॅटचा चार्जर येतो, पण तो वेग अनेकदा त्याच कंपनीच्या केबलवरच मिळतो. दुसरी केबल लावली तरी फोन चार्ज होतो, फक्त सावकाश. म्हणून फोनच्या डब्यातली केबल जपा, पोराच्या हाती देऊ नका. चार्जर वेगळा घ्यायचा झाला तर त्याच्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नंबर बघा. ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो नंबर खरा की खोटा कळतो.

टाइप-सी पिन आली आणि उलटसुलट कशीही लागते, हे सुख झालं. पण सी पिन दिसली म्हणून केबल भारी, असं नाही. सीच्या तोंडात २४ जोड असले तरी स्वस्त केबलमध्ये त्यातल्या थोड्याच जोडांना तारा असतात, आणि बाजारातल्या पुष्कळशा सी केबल माहिती जुन्याच वेगाने नेतात. तो वेग म्हणजे सेकंदाला ६० एमबी, प्रत्यक्षात निम्मा धरा. गटाच्या मालाचे दोनशे फोटो, चार-चार एमबीचे, अर्ध्या मिनिटात जातात. आपल्याला एवढं पुष्कळ झालं. हजार रुपयांची केबल कुणी गळ्यात मारत असेल तर ती सिनेमा बनवणाऱ्यांसाठी ठेवा.

आणि एक गंमत. सी पिनची स्वस्त टॉर्च नव्या, दोन्हीकडे सी असलेल्या केबलने कधीकधी चार्जच होत नाही. टॉर्च बिघडलेली नसते. ‘मला करंट हवाय’ हे चार्जरला कळवणारा छोटासा भाग कंपनीने आत बसवलेला नसतो. एका बाजूला जुनी मोठी चपटी पिन असलेली केबल लावा, चालते.

मग ती दोन तारांची केबल टाकून द्यायची का? मुळीच नाही. एसटी स्टँडवर, स्टेशनवर फोन लावायला यूएसबीची भोकं असतात. अशा ठिकाणी फोनमधली माहिती चोरीला जाऊ शकते, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ साली काढलेल्या पुस्तिकेत सांगितलंय. आपल्या फोनमध्ये गटाचं खातं, बँकेचे मेसेज, सगळ्यांच्या आधारचे फोटो. प्रवासात आपला चार्जर घेऊन साध्या प्लगमध्ये लावणं सगळ्यात बरं. तशी सोय नसेल तर टॉर्चची तीच केबल न्या. माहितीची तारच नाही, तर चोर काय नेणार!

केबल बंद पडली वाटलं, तरी आधी फोनचं भोक उजेडात धरून बघा. आपल्याकडे पीठ, कापूस, पदराचे धागे आत जाऊन बसतात आणि पिन पुरती आत जात नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने अलगद काढा. साडीची पिन घालू नका, आतले जोड वाकतात.

पुढच्या मासिक बैठकीला ग्रामसंघाचा लॅपटॉप आणतोय. घरातल्या सगळ्या केबल पिशवीत घालून आणा, एकेक लावून बघू. माहिती नेणाऱ्या केबलला हिरवा दोरा बांधायचा, नुसत्या चार्जिंगच्या केबलला लाल. दोऱ्याची रिळं शिलाई करणाऱ्या गटाने आणायची, असं ठरलंय. बैठक दुपारी दोनला, समाजमंदिरात.