साखर उतरली तर साखरच द्या

मधुमेह म्हटलं की साखर वाढेल याचीच आपल्याला धास्ती. पण इन्शुलिन घेणाऱ्या माणसाची साखर एकदम खालीही जाते, आणि तेव्हा वेळ मिनिटांत मोजावा लागतो.

इन्शुलिनचं काम रक्तातली साखर कमी करणं. सुई टोचली की ते कामाला लागतं. तुम्ही जेवलात की नाही, हे ते बघत नाही. इंजेक्शन घेतलं आणि खुरपणीच्या घाईत न्याहारी राहिली, उपवास धरला, उलट्या झाल्या किंवा रोजच्यापेक्षा जास्त राबणं झालं, की साखर उतरते.

ओळखायचं कसं? दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, कडकडून भूक लागते. पुढं बोलणं अडखळतं, माणूस उगाच चिडतो, भलतंच बोलतो. घरचे म्हणतात, प्यायलाय, नाहीतर बाहेरचं काही लागलंय. अंगारा लावण्यात वेळ जातो. घरात साखर तपासायचं यंत्र असेल तर बघा. आकडा 70 च्या खाली म्हणजे साखर कमी. यंत्र नसेल तर थांबू नका.

“शुगरवाल्याला साखर कशी द्यायची?” हाच विचार घात करतो. माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर 3 चहाचे चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून लगेच पाजा. शुगर-फ्रीची गोळी इथं कामाची नाही. 15 मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्या. बरं वाटलं की भाकरी-भाजी खाऊ घाला, नाहीतर साखर परत उतरेल.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. तो श्वासनळीत जातो. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

एवढं ऐकून इन्शुलिन मात्र आपल्या मनानं बंद करू नका. साखर उतरली होती, हे डॉक्टरांना सांगा. डोस ते बदलतील. उपवास धरायचा असेल तर आधी विचारा. बाटलीवर 40 लिहिलंय की 100, ते बघून त्याच मापाची सिरिंज घ्या. चुकीच्या सिरिंजनं डोस अडीचपट होऊ शकतो.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, कुणाच्या घरी इन्शुलिन चालू आहे? त्या घरातल्या पोरासोरांनाही हे सांगून ठेवा. ज्याची साखर उतरते त्याला स्वतःला सांगायचं भान राहीलच असं नाही. आणि शेतावर जाताना भाकरीच्या फडक्यात साखरेची एक पुडी बांधाच.