विटेचे मन ओळखणारा माणूस



आज आम्ही तुम्हांला एका मोठ्या वास्तुशिल्पीची गोष्ट सांगणार आहोत. वास्तुशिल्पी म्हणजे इमारत कशी असावी हे ठरवून तिचा नकाशा काढणारा. या गृहस्थांचे नाव लुई कान.

त्यांचा जन्म १९०१ सालचा, युरोपातल्या एस्टोनिया मुलखातला. तेव्हा तिथे रशियाच्या बादशहाचे राज्य होते. लहानपणी निखाऱ्यांनी पोराचे तोंड भाजले. ते व्रण जन्मभर राहिले. १९०६ साली घरची मंडळी अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी आली. गरिबी पाचवीला पुजलेली. मुलगा चित्रे छान काढी. मूकपटाच्या थिएटरात पियानो वाजवून चार पैसे मिळवी. असे करत तो शिकला आणि १९२४ साली पदवीधर झाला.

शिकला खरा, पण मोठे नाव काही झाले नाही. पंचवीस वर्षे अशीच गेली. मग १९५० साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, कान रोमला गेले. पुढे ग्रीस आणि इजिप्तही पाहिला. हजारो वर्षांपूर्वीची पडकी बांधकामे त्यांनी डोळे भरून पाहिली. त्या काळी अमेरिकेत काच आणि लोखंड यांच्या हलक्या इमारतींची चलती होती. कान यांना उमगले, की जाड भिंत, खोल सावली आणि वरून झिरपणारा उजेड यांतही मोठी शोभा आहे. पन्नाशीत ते पुन्हा विद्यार्थी झाले! त्यांची नावाजलेली कामे त्यानंतरचीच.

ते सांगत, की विटेला आधी विचारावे, बाई, तुला काय व्हायचे आहे? वीट म्हणते, कमान. ऐकून हसू येईल. पण गवंड्याला विचारा. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. कमान केली, की एक वीट दुसरीला रेटते आणि भार भिंतीवर उतरतो.

हेच त्यांनी आपल्या देशात करून दाखवले. अहमदाबादेत व्यवस्थापन शिकवणारी मोठी संस्था बांधायची होती. बाळकृष्ण दोशी या पुण्यात जन्मलेल्या वास्तुशिल्पींनी कान यांना बोलावून घेतले. १९६२ साली त्यांनी हे काम हाती घेतले. भिंती उघड्या विटेच्या, गिलावा नाही. मोठाल्या कमानी, गोल झरोके. कमान भिंतीला बाहेर ढकलते, म्हणून काँक्रीटच्या आडव्या तुळईने ती आवळून धरली. ऊन बाहेर अडावे म्हणून खोल ओसऱ्या केल्या. पुढे दोशींना २०१८ साली प्रित्झकर हा वास्तुकलेतला जगातला मोठा मान मिळाला.

ढाक्याचे संसदभवनही कान यांचेच. काम सुरू झाले तेव्हा तिथे पाकिस्तान होते. १९७१ साली बांगलादेश स्वतंत्र झाला. मजुरांनी बांबूच्या परांच्या बांधून, डोक्यावर पाट्या वाहून ते उभे केले. १९८२ साली ते पुरे झाले. नव्या देशाने ते आपली खूण मानले, चलनी नोटांवर छापले.

कान यांना मात्र ते पुरे झालेले पाहायला मिळाले नाही. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादेहून परतताना, न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनात त्यांचे हृदय थांबले. दोन दिवस घरच्यांना पत्ता लागला नाही. मागे कचेरीवर कर्ज होते. पैसा त्यांनी साठवला नाही, काम साठवले.

मंडळी, साधी वीट ती! तिचा गुण ओळखणारा भेटला, तर तिचीही केवढी शोभा होते. माणसाचेही असेच आहे. या वयात पाटी कशाला, असे तुम्हांला कुणी म्हणाले, तर त्याला लुई कान यांची गोष्ट वाचून दाखवा. आता ती तुम्हांला वाचता येते.