आंदोऱ्याचा रस्ता



कामगार संघटनेच्या माणसाने प्रवासाची हकीकत सांगावी, याचे काहींना नवल वाटेल. पण रस्ता दिसला की तो कोणी फोडला हे विचारण्याची मला जुनी खोड आहे, आणि आजची हकीकत एका रस्त्याचीच आहे.

कामगारांच्या एका बैठकीसाठी मी फ्रान्समधील तुलूज शहरी गेलो होतो. बैठक आटोपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. तिथले एक निवृत्त रेल्वे कामगार म्हणाले, "चला, तुम्हांला एक देश दाखवतो. सकाळी निघू, दुपारच्या जेवणाला पोचू." हा देश म्हणजे आंदोरा. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधल्या पिरेनीज पर्वतात वसलेला. क्षेत्रफळ अवघे ४६८ चौरस किलोमीटर. तिथे सैन्य नाही, विमानतळ नाही आणि आगगाडीही नाही. आगगाडी नाही याचे दुःख आमच्या यजमानांनी वाटेत दोनदा बोलून दाखवले.

वाटेत फ्वा गाव लागते. खडकावर तीन बुरुजांचा किल्ला उभा आहे. या किल्ल्याचा सरदार आणि पलीकडचा उर्जेलचा बिशप यांचा आंदोऱ्याच्या खोऱ्यांवरून तंटा होता. १२७८ साली तडजोड झाली की दोघांनी मिळून राज्य करावे. सरदाराचा हक्क पुढे फ्रान्सच्या राजाकडे आणि राजा गेल्यावर राष्ट्राध्यक्षाकडे आला. म्हणून आजही या देशाला दोन राजे आहेत. एक बिशप, आणि दुसरा फ्रान्सच्या मतदारांनी आपल्यासाठी निवडलेला! बिशपाला ठरावीक सालांनी रोकड, चीज, कोंबडे आणि हॅम असा नजराणा जात असे. १९९३ साली लेखी राज्यघटना आली, तेव्हा कुठे तो बंद झाला.

पुढे आरिएज नदी धरून चढ सुरू होतो. आक्स-ले-तेर्म हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव मागे पडले की डोंगर अंगावर येतात आणि वळणावर वळण लागते. सरहद्दीवर पास दे ला कासा नावाची वस्ती आहे. वस्ती कसली, बाजारच तो! दारू, सिगारेट, अत्तरे. कर कमी, म्हणून शेजारच्या देशांतले लोक घाट चढून खरेदीला येतात. तिथून पुढे २००२ साली झालेला बोगदा आहे. यजमानांचा कल बोगद्याकडे होता; मी जुन्या रस्त्याचा हट्ट धरला. एन्व्हालिराची खिंड २,४०८ मीटर उंच आहे. उन्हाळा लागला होता, तरी कडेला बर्फ होते. वारा असा की टोपी हातात धरावी लागली.

हा रस्ता कोणी केला? सरकारच्या तिजोरीत पैसा नव्हता. १९२९ साली एका वीज कंपनीला नद्यांचे पाणी वापरण्याचा हक्क दिला आणि बदल्यात रस्ते बांधून देण्याची अट घातली. मजूर आले बाहेरून, बहुतेक कातालोनियातून आणि स्पेनच्या इतर भागांतून. त्यांनी कडे फोडले, धरण बांधले, वीजघर उभारले. आणि १९३३ साली त्यांनी संप केला. त्याच वर्षी आंदोऱ्याच्या तरुणांनी मताच्या हक्कासाठी विधिमंडळाच्या इमारतीत ठाण मांडले. तोवर मत फक्त घरातल्या कर्त्या पुरुषाला होते. मग फ्रान्सचे सशस्त्र पोलीस देशात आले. पुरुषांना मत मिळाले. बायकांना त्यासाठी १९७० पर्यंत थांबावे लागले. मजूर परके, त्यांना मत कुठले?

एन्काम्प गावी ते वीजघर आजही आहे. तिथे विजेचे संग्रहालयही केले आहे. मी यंत्रांपुढे बराच वेळ उभा राहिलो. यजमानांना भूक लागली होती.

आंदोरा ला व्हेल्ला ही राजधानी. जुन्या विधिमंडळाच्या घरात एक कपाट आहे, त्याला सात कुलपे. प्रत्येक परगण्याकडे एक किल्ली. सगळे जमल्याशिवाय दप्तर उघडत नसे. आमच्या युनियनच्या पेटीला दोन किल्ल्या आहेत, त्यांतली एक नेहमी हरवलेली असते. कपाट मला फार आवडले. पण त्या देशात संघटना करण्याचा हक्क मान्य झाला १९९३ च्या घटनेत, आणि संघटनांचे व संपाचे नियम ठरवणारे कायदे झाले २०१८ साली. मधली २५ वर्षे ती किल्ली कोणाकडे होती?

परतताना रस्त्याच्या कडेला दरड अडवणारी जाळी ठोकायचे काम चालले होते. आम्ही गाडी थांबवली. त्यांतला एक पोर्तुगीज, पन्नाशीचा, माझ्याच वयाचा. यजमानांनी दुभाष्याचे काम केले. सोळा वर्षे तो इथे आहे. नागरिकत्वासाठी साधारणपणे वीस वर्षे राहावे लागते, आणि मूळ देशाचे सोडावे लागते. घरभाड्यात अर्धा पगार जातो, म्हणाला. मी विचारले, "युनियनचा सभासद आहेस का?" त्याने वळून मुकादमाकडे पाहिले. मग आवाज उतरवून यजमानांना काहीतरी विचारले. ते हसले आणि मला म्हणाले, "वर्गणी किती, ते विचारतोय."